सीआयव्हीएस मतदान सेवा : चार बिल्डरांतून एक निवडताना

सोसायटीत तीन-चार पर्यायांतून एकच निवडायचा असेल, आणि निकाल लागल्यावरही सगळ्यांना त्याच जिन्यावरून वर-खाली करायचं असेल, तर ही सेवा वापरा, हे मी आधीच सांगून टाकते. नाव सीआयव्हीएस, म्हणजे कोंडॉर्से इंटरनेट व्होटिंग सर्व्हिस. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू मायर्स यांनी ती उभी केली आहे. पैसे लागत नाहीत. मतदार एकाच नावावर शिक्का मारत नाही, सगळ्या पर्यायांना आपल्या पसंतीने क्रम लावतो, आणि पुढची मोजणी सेवा करून देते. माझ्याकडून पाचपैकी साडेचार गुण. अर्धा का कापला ते पुढे येईल.

आमची सोसायटी नेरुळला. सिडकोच्या जुन्या इमारती, लिफ्ट नाही, एकूण ४८ घरं. वरच्या मजल्यावर दर पावसाळ्यात छताचं प्लास्टर पडतं, आणि खालच्यांच्या बाथरूमची गळती आता दुरुस्तीच्या पलीकडे गेली आहे. त्यामुळे पुनर्विकास करायचा की नाही यावर वाद उरला नव्हता. वाद होता तो कोणाकडून करायचा यावर. मी सोसायटीची सचिव. बँकेत नोकरी झाली, त्यामुळे कागद नीट लावण्याची सवय आहे, आणि माझ्या सहीने चुकीचं पाऊल पडू नये याची काळजीही आहे. घर ही आमच्यातल्या बहुतेकांची आयुष्यभराची एकमेव मोठी कमाई. अशा गोष्टीचा निर्णय आरडाओरडा करून होऊ नये असं मला मनापासून वाटत होतं.

टेंडरची छाननी होऊन सल्लागाराने चार बिल्डर पुढे ठेवले. नावं इथे देत नाही, क, ख, ग, घ म्हणते. क ने सगळ्यात मोठं कार्पेट, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरायची जागा, देऊ केलं होतं, वर उंच टॉवर आणि पोडियमवर बाग. बँक गॅरंटीचा, म्हणजे बिल्डरने काम सोडलं तर बँक भरपाई देईल या हमीचा, मुद्दा काढला की त्याचा माणूस विषय बदलायचा. ख मोठ्या प्रकल्पांचा, कागदपत्रं चोख, बांधकाम होईपर्यंतच्या भाड्याचे चेक आगाऊ द्यायला तयार, पण जागा सगळ्यांत कमी. ग चं कार्पेट मधलं, गॅरंटी पूर्ण, आणि त्याने पुन्हा बांधलेल्या दोन सोसायट्या भोगवटा प्रमाणपत्र मिळून नांदत्या झालेल्या. आमच्यातले काहीजण तिथे जाऊन सभासदांशी बोलून आले होते. घ आमच्याच नेरुळमधला छोटा बिल्डर. इमारत कमी मजल्यांची ठेवू, म्हणजे पुढे मेंटेनन्स झेपेल, असं त्याचं म्हणणं, आणि निवृत्त मंडळींना ते पटत होतं.

आता हे चार असताना सभेत हात वर करायला लावले असते तर काय झालं असतं? क च्या बाजूची मंडळी एकगठ्ठा होती, बोलायलाही पुढे होती. बाकीच्यांची मतं तिघांत वाटली जाणार होती. तळमजल्यावरच्या काकू मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, ‘ताई, मला घ आवडतो, पण त्याला मत दिलं तर क येईल ना?’ त्यांचा प्रश्न मला सभेतल्या सगळ्या भाषणांपेक्षा महत्त्वाचा वाटला. आपल्याला काय हवं हे माहीत असलेल्या बाईला ते सांगायची भीती वाटत असेल, तर त्यात तिचं काही चुकत नाही, विचारण्याची पद्धत बदलायला हवी.

मोबाईलच्या ग्रुपवरचा पोल आम्ही बाजूलाच ठेवला. कोणी काय दाबलं ते नावासकट सगळ्यांना दिसतं, आणि एका मजल्यावर राहणाऱ्यांमध्ये बिल्डरच्या विषयावर ते नको. माझा भाचा ऐरोलीला आयटीत आहे. डेबियन नावाच्या संगणक प्रणालीचे स्वयंसेवक जगभर विखुरलेले असतात आणि ते आपला प्रमुख असाच क्रम लावून निवडतात, हे त्याने सांगितलं. त्यांची यंत्रणा स्वतःची आहे. आपल्यासारख्यांसाठी तयार मिळणारी कोणती, असं विचारल्यावर त्याने सीआयव्हीएसचं नाव दिलं.

पोल तयार करणं सोपं आहे. शीर्षक, आयोजकाचं नाव, माहिती, मतदान कधी बंद होणार आणि पर्यायांची यादी. पर्यायांपुढे मराठीत दोन-दोन ओळी टाकल्या : कार्पेट किती, भाडं किती, गॅरंटी किती. खासगी पोल निवडला की आपण ई-मेलची यादी भरायची, आणि प्रत्येकाला त्याची स्वतंत्र लिंक जाते. त्या लिंकवर एकच मत. दुसऱ्याची लिंक आपल्याकडे येत नाही, आणि कोणी कोणता क्रम लावला हे आयोजकालाही कळत नाही. मला हे सर्वात आवडलं, कारण ‘सचिवबाईंना सगळं दिसतं’ ही कुजबुज सुरू होण्याआधीच तिला उत्तर मिळालं.

मतपत्रिकेवर चारही नावं असतात आणि प्रत्येकापुढे क्रम निवडायचा. दोघं सारखेच वाटत असतील तर दोघांना एकच क्रम देता येतो. या सोयीचं महत्त्व मोजणीपर्यंत लक्षात येत नाही. आपल्याकडे कोकण पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मत दिलं आहे त्यांना पसंतीक्रम नवा नाही : आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेनाने नावापुढे १, २, ३ असे आकडे घालायचे, अक्षरात लिहायचं नाही, सही करायची नाही. २०२४ च्या निवडणुकीची मोजणी आमच्या नेरुळच्याच आगरी कोळी संस्कृती भवनात झाली. पण तिथे एकच आकडा दोघांपुढे घातला तर गडबड होते. इथे चालतं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना ख आणि ग यांच्यात खरंच फरक वाटत नव्हता. त्यांना उगाच फरक करायला लावला नाही, म्हणून ते खूश.

आता अर्धा गुण. सेवा पूर्णपणे ई-मेलवर उभी आहे, आणि पहिल्यांदा मत देणाऱ्याला आपला पत्ता आधी सुरू करून घ्यावा लागतो, म्हणजे ‘होय, मला यांच्याकडून पत्र चालेल’ अशी संमती द्यावी लागते. कोणाच्या माथी नको ती पत्रं मारली जाऊ नयेत म्हणून ही काळजी आहे आणि ती योग्यच आहे. पण आमच्या इमारतीतली अर्धी मंडळी साठीच्या पुढची. त्यांचे सगळे व्यवहार मोबाईल नंबरवर चालतात, ई-मेल कोणी काढून दिला होता आणि त्याचा पासवर्ड काय, हे मुलालाच ठाऊक. कमिटीच्या दोन तरुण सभासदांनी घरोघर जाऊन पत्ते सुरू करून दिले. मी त्यांना एकच अट घातली होती : पत्ता चालू झाला की फोन परत द्यायचा आणि उंबऱ्याबाहेर यायचं, क्रम लावताना जवळ उभं राहायचं नाही. आपल्यासारख्या ठिकाणी मोबाईल नंबरवर लिंक जाण्याची सोय असती तर पुरे पाच गुण दिले असते. दुसरीकडे, बेंगळुरूला मुलीकडे राहणाऱ्या एक वहिनी आणि जहाजावर असलेले एक सभासद यांनी आपलं मत दुसऱ्या कोणाच्या हाती न सोपवता स्वतः दिलं, तेही ई-मेलमुळेच.

४८ पैकी ४६ मतं पडली. निकालाच्या पानावर किती जणांना अधिकार होता आणि किती मतं पडली हे दोन्ही आकडे असतात. ही तपासाची जागा आहे. आयोजकाने यादीत चार खोटे पत्ते घुसवले तर सेवेला ते ओळखता येणार नाही, पण अधिकाराचा आकडा ४८ च्या जागी ५२ झाला तर सोसायटीला ते लगेच दिसेल. म्हणून यादी मी एकटीने भरली नाही. अध्यक्ष, खजिनदार आणि क च्या बाजूचे एक सभासद यांच्यासमोर, प्रत्येक घरामागे एक पत्ता, असं भरत गेलो.

निकाल वाचायची रीत समजून घ्यावी लागते. सोसायटीच्या कॅरम स्पर्धेत जसे साखळी सामने होतात, प्रत्येकाचा प्रत्येकाशी, तसंच इथे. तुम्ही लावलेल्या एका क्रमातून सगळे सामने निघतात. तुम्ही ग ला क च्या वर ठेवलं असेल तर ग विरुद्ध क या सामन्यात तुमचं मत ग ला. सगळ्या मतपत्रिकांवरून प्रत्येक जोडीचा हिशेब होतो, आणि जो प्रत्येकाला समोरासमोर हरवतो तो विजेता. फ्रान्सचे गणिती मार्की द कोंडॉर्से यांनी १७८५ मध्ये ही कसोटी मांडली, म्हणून सेवेला त्यांचं नाव.

आमचा तक्ता असा आला. ग ने क ला २८–१८ ने हरवलं, ख ला ३३–१२ ने (एक मत बरोबरीचं, दोघांना एकच क्रम देणारं), आणि घ ला ३७–९ ने. तिन्ही सामने ग ने जिंकले. आणि क? क तिन्ही सामने हरला, प्रत्येक वेळी १८–२८.

पोल तयार करताना आम्ही मतपत्रिका निनावी स्वरूपात दिसाव्यात हा पर्याय घेतला होता, आणि तसं सभासदांना आधी कळवलं होतं. त्यामुळे रात्री जेवणं झाल्यावर मी टेबलावर सगळे क्रम उतरवून घेतले आणि त्याच मतांची दुसऱ्या रीतींनी मोजणी केली. प्रत्येक सचिवाने हे करून पाहावं असं मला वाटतं. पहिल्या पसंतीची मतं अशी होती : क १८, ख १२, घ ९, ग ७. म्हणजे नेहमीसारखे हात वर केले असते तर क आला असता, तोही सहा मतांच्या आघाडीने. आणि ज्या २८ जणांनी क ला अगदी तळाला ठेवलं होतं, त्यांना पुढची कित्येक वर्षं त्याच्याशी करारात राहावं लागलं असतं. त्याच मोजणीत ग शेवटचा.

मग फेऱ्यांची पद्धत लावली. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहासाठी १९१८ पासून हीच चालते, आणि अमेरिकेत रँक्ड चॉइस म्हणतात ती बहुधा हीच असते. पहिल्या पसंतीत तळाचा असेल तो बाद, त्याची मतं त्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीकडे. पहिल्या फेरीत ग बाद झाला, त्याची सातही मतं ख कडे गेली : ख १९, क १८, घ ९. दुसऱ्या फेरीत घ बाद. त्याच्या नऊही जणांची दुसरी पसंती ग होती, पण ग आधीच गेलेला, म्हणून ती मतंही ख ला. शेवटी ख २८, क १८. ख जिंकला.

त्याच ४६ मतपत्रिका, आणि मोजण्याची रीत बदलताच तीन वेगळे विजेते. खरं सांगते, रात्री मी हे दोनदा तपासलं. फेऱ्यांच्या पद्धतीवर माझा राग नाही, तिने निदान क ला तरी रोखलं. पण ३३ जणांना ख पेक्षा ग बरा वाटत होता, आणि ती गोष्ट त्या मोजणीत कुठे आलीच नाही. ग सगळ्यांचा दुसरा होता. क वाले, ख वाले, घ वाले, तिघांचाही. दुसऱ्या क्रमाचा माणूस पहिल्या फेरीतच बाहेर काढला, तर त्याच्याविषयी कोणाचं काय मत आहे हे विचारायला पुढे जागाच राहत नाही.

हे आमच्याच सोसायटीत घडलं असंही नाही. अमेरिकेतल्या व्हर्मॉंट राज्यातल्या बर्लिंग्टन शहरात २००९ ची महापौरपदाची निवडणूक फेऱ्यांच्या पद्धतीने झाली. पहिल्या पसंतीत कर्ट राइट पुढे होते, शेवटी बॉब किस निवडून आले, आणि अँडी मॉन्ट्रोल हे मधले उमेदवार आधी बाद झाले. मतपत्रिका तपासल्यावर दिसलं की मॉन्ट्रोल समोरासमोर दोघांनाही हरवत होते. २०१० मध्ये शहराने मतदान घेऊन ती पद्धतच काढून टाकली. अलास्कात ऑगस्ट २०२२ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा तेच : मेरी पेल्टोला जिंकल्या, सारा पेलिन दुसऱ्या राहिल्या, आणि दोघींनाही एकेकटं हरवू शकणारे निक बेगिच सर्वांत आधी बाहेर गेले.

आपल्याकडचं उदाहरण मला जास्त जवळचं. राष्ट्रपतींची निवडणूकही पसंतीक्रमाने होते. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्याबरोबर तिसरे मोठे उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. आम्हा बँकेतल्या लोकांना त्यांच्याविषयी आजही आदर. तिथे प्रत्येक आमदार-खासदाराच्या मताला ठरलेलं मूल्य असतं. पहिल्या पसंतीची मतमूल्यं गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. जिंकायला लागणारा कोटा ४,१८,१६९ चा होता, गिरींनाही तो गाठता आला नव्हता. बाकीचे बाद होत गेले, देशमुखही बाद झाले, आणि दुसऱ्या पसंतीची मतं वळल्यावर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा निकाल लागला. देशमुखांच्या मतपत्रिकांवरची बरीचशी दुसरी पसंती रेड्डींकडे गेली, तरी अंतर भरून निघालं नाही. गिरी विरुद्ध देशमुख किंवा रेड्डी विरुद्ध देशमुख ही जोडी मात्र त्या मोजणीत लागलीच नाही. ती लागली असती तर काय आलं असतं ते सांगता येणार नाही, पण विचारलं जायला हवं होतं असं मला वाटतं.

निकाल ग्रुपवर टाकल्यावर क च्या बाजूचे एक सभासद वर आले. चिडलेले नव्हते, पण प्रश्न टोकदार होता : ‘ताई, आम्ही ग ला दुसरा लावला म्हणून आम्ही हरलो. तळाला टाकला असता तर?’ प्रश्न रास्त होता. मी वही काढली आणि त्यांच्यासमोर मांडलं. समजा अठराही जणांनी ग ला शेवटी टाकलं. मग ख विरुद्ध ग मध्ये ख ३०–१६ ने जिंकतो. पण क विरुद्ध ख अजून १८–२८ च. म्हणजे ख येतो, क येत नाही. क ला तळाला ठेवणारे २८ आहेत तोवर दुसऱ्या कोणाला खाली ढकलून क वर जात नाही. ते गृहस्थ बराच वेळ वहीकडे पाहत राहिले, आणि मग म्हणाले की मग आम्ही खरं लिहिलं तेच बरं झालं, आमच्या दुसऱ्या पसंतीचा तरी आला.

पण या पद्धतीत डाव चालतच नाही असं मी कोणाला सांगणार नाही. ख च्या बारा जणांनी हुशारी करून ग ला तळाला टाकलं असतं, क च्याही खाली, तर वेगळंच झालं असतं. क ने ग ला ३०–१६ ने हरवलं असतं, ग ने ख ला ३३–१२ ने, आणि ख ने क ला २८–१८ ने. गोल फिरलं, सगळ्यांना हरवणारा कोणीच नाही. कोंडॉर्सेंना हा घोळ तेव्हाच दिसला होता. प्रत्येक माणसाचा क्रम स्वच्छ असतो, पण सगळ्यांचा मिळून क्रम गोल फिरू शकतो. अशा वेळी काय करायचं यासाठी सीआयव्हीएसमध्ये वेगवेगळे नियम आहेत, आणि निकालाच्या पानावर ते बदलून पाहता येतात. मिनिमॅक्स म्हणजे ज्याचा सगळ्यात मोठा पराभव बाकीच्यांच्या मानाने लहान, तो विजेता. शुल्झे पद्धत एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या विजयांच्या साखळ्या तोलते. तिसरा प्रकार सगळ्यात ठळक विजय आधी पक्के करत जातो आणि चक्र तयार करणारा विजय सोडून देतो. मी तिन्ही लावून पाहिले. या काल्पनिक हुशारीत तिन्हींनी विजेता दिला क. म्हणजे ख वाल्यांनी डाव केला असता तर त्यांच्या पदरात त्यांचा सगळ्यात नावडता बिल्डर पडला असता.

खोटं लिहिण्याला कधीच फायदा होणार नाही अशी क्रम लावण्याची पद्धत सापडेल का? तिघं किंवा जास्त पर्याय असले आणि कोणा एकाच्याच मर्जीवर निकाल ठरवायचा नसला, तर सापडत नाही. गिबार्ड आणि सॅटरथ्वेट यांनी १९७३ आणि १९७५ मध्ये हे गणिताने सिद्ध केलं. त्याआधी १९५१ मध्ये केनेथ ॲरो यांनी दाखवलं की अगदी साध्या वाटणाऱ्या चार-पाच अपेक्षा एकत्र ठेवल्या तरी कोणतीच क्रमपद्धत त्या सगळ्या पुऱ्या करू शकत नाही. म्हणून परिपूर्ण पद्धत शोधत बसू नये. आपल्या इमारतीतल्या माणसांना खरं लिहिताना कमीत कमी भीती वाटेल अशी कोणती, एवढंच पाहावं. तळमजल्यावरच्या काकूंनी घ ला पहिला क्रम दिला, ग ला दुसरा, आणि त्यांच्या खऱ्या पसंतीमुळे क ला काडीचा फायदा झाला नाही. त्यांनी हे मला स्वतःच सांगितलं, अगदी मोठ्या आवाजात.

एक काळजी मात्र घ्या. निनावी मतपत्रिका दाखवायच्या असतील तर पर्याय कमी असू द्या. चार पर्यायांचे सरळ क्रम २४ च होतात, त्यामुळे अनेकांचे क्रम सारखे येतात आणि कोणाचा कोणता हे ओळखता येत नाही. आठ-दहा पर्याय असले तर क्रम हजारो-लाखोंनी होतात, आणि मग मत विकत घेणारा एखाद्याला सांगू शकतो, ‘हा अमुक विचित्र क्रम लाव, म्हणजे मला कळेल.’ पुनर्विकासात किती पैसा फिरतो हे नवी मुंबईत कोणाला वेगळं सांगायला नको. आमच्याकडे चार होते म्हणून मी परवानगी दिली. दहा असते तर फक्त जोड्यांचा तक्ता जाहीर केला असता.

आणि ही सेवा कायद्याच्या जागी वापरू नका. सहकारी कायद्याच्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे बिल्डरची निवड विशेष सर्वसाधारण सभेतच होते, निबंधकांच्या प्राधिकृत अधिकाऱ्यासमोर, चित्रीकरणासह. दोन तृतीयांश गणपूर्ती लागते आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती. आमच्या ४८ मध्ये ती २५. आमचं मतदान हे त्याआधीचं, आपापसात कौल घेण्यापुरतं, असं पोलच्या माहितीत पहिल्याच ओळीत लिहिलं होतं आणि कमिटीच्या इतिवृत्तातही तसंच नोंदवलं. त्याचा उपयोग असा झाला की सभेत चार गट आलेच नाहीत. ग चं नाव मांडलं गेलं तेव्हा क आणि घ च्या बाजूचे बरेच सभासदही संमती द्यायला उठले, कारण कोणाला कितीजणांनी कोणाच्या वर ठेवलं हा तक्ता सगळ्यांनी आधीच वाचलेला होता. संमतीपत्रं ३९ झाली. दोघांनी विरोध नोंदवला, तोही इतिवृत्तात नीट लिहिला आहे.

वापरणाऱ्यांसाठी बारीकसारीक. मतदान बंद होण्याची वेळ रात्री दहाच्या पुढची ठेवा, म्हणजे पनवेल लोकलने उशिरा परतणाऱ्यांना जेवून, निवांत बसून क्रम लावता येतो. मतपत्रिकेवर पर्याय प्रत्येकाला वेगवेगळ्या क्रमाने दिसतात, ते तसेच राहू द्या. दिलेल्याच क्रमाने दाखवायची खूण केली तर यादीत वर असलेल्याला उगाच लाभ होतो. मतदानाआधी एकदा सगळ्यांना सराव करू द्या. आम्ही गच्चीवरच्या टाकीला कोणता रंग द्यायचा असा पोल घेतला होता, त्यात कोणाचा जीव अडकलेला नसतो आणि बोटांना सवय होते. आणि निकालाचा तक्ता नुसता छापून लावू नका. आकड्यांचे चौकोन बघून लोक पुढे जातात. आमच्या फलकावर मी तो वाक्यांत लिहिला : ‘क आणि ग यांच्यात २८ जणांना ग बरा वाटतो, १८ जणांना क.’ सहा जोड्या, सहा वाक्यं. दूधवाल्या दादांपासून सगळ्यांनी थांबून वाचलं.